शेपटीवरचा नंबर

शनिवारी हॅडन स्टेट कॉलेजच्या संघानं पैसे देऊन बोलावलेल्या पाहुण्याकडून मार खाल्ला.

असा पाहुणा बोलवायची अलाबामात रीतच आहे. तिकडच्या, म्हणजे चेंडू काखेत मारून पळायच्या फुटबॉलचा मोसम संपत आला, की कुठलं तरी किरकोळ कॉलेज गाठायचं, त्याला भलामोठा चेक द्यायचा, आणि त्यानं आपल्या मैदानावर येऊन चाळीस हजार लोकांसमोर मुकाट हरून जायचं. पुढच्या शनिवारी डेल्मॉन्टसारख्या जन्माच्या वैऱ्याशी गाठ असते, म्हणून आदल्या आठवड्यात पोरांच्या अंगात जरा बळ यावं, एवढ्यासाठी ही सोय. यंदाच्या पाहुण्यांची हेल्मेटंसुद्धा एका रंगाची नव्हती. त्यांचा ढोल वाजवणारा आजारी पडला होता, तेव्हा हॅडननंच आपला एक ढोलवाला त्यांना उसना दिला. त्या लोकांनी चेकही नेला आणि सामनाही नेला, चोवीस विरुद्ध वीस. ढोलवाला तेवढा परत दिला.

हॅडनच्या संघाचं नाव म्यूल्स, म्हणजे खेचरं. शंभर वर्षांपूर्वी हे नाव कुणाला सुचलं, आणि सुचल्यावर चारचौघांत सांगायची लाज कशी वाटली नाही, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. पण सामना संपल्यावर गाड्यांच्या मागं उभे राहून, भाजलेलं डुक्कर आणि उकडलेल्या शेंगा खात जे लोक कोच कर्टिस मॅबरीच्या नावानं शंख करत होते, त्यांच्याकडे बघून नाव चुकलंय असं काही म्हणवत नव्हतं.

वरच्या काचेच्या खोलीतून हॉलिस ट्रॅमेल हे सगळं बघत होता. एकसष्ट वर्षांचा हॉलिस हॅडन स्टेटचा क्रीडासंचालक. पोहण्यापासून गोल्फपर्यंत चौदा खेळ त्याच्या हाताखाली होते, आणि त्यातल्या तेरा खेळांबद्दल आजवर कुणी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. चौदाव्याबद्दल मात्र पेट्रोल भरणारा पोऱ्या, दाढा काढणारा डॉक्टर आणि प्रेताला पावडर लावणारा अंत्यविधीवाला, सगळेच त्याला अक्कल शिकवत.

मॅबरीला चार वर्षांपूर्वी हॉलिसनंच आणलं होतं. मॅबरी काही थोर कोच नव्हता. जिथं धाडस करायचं तिथं तो चेंडू लाथाडून समोरच्याला देऊन टाकायचा आणि मग विजारीच्या खिशात हात घालून आभाळाकडे बघायचा. पण संघ दुबळा झाला होता तो त्याच्या एकट्याच्या पापानं नव्हे. दोन वर्षांमागं परीक्षेला आपल्या जागी दुसऱ्याला बसवणारे अकरा तगडे खेळाडू सापडले, तेव्हा हॉलिसच त्याला म्हणाला होता, की हाकल सगळ्यांना. मॅबरीनं हाकलले. उरली ती मिसरूड न फुटलेली पोरं. यंदा ऑगस्टमध्ये मॅबरीच्या घराच्या ओसरीवर बसून हॉलिसनं त्याचा हात हातात घेतला होता आणि म्हणाला होता, "कर्टिस, यंदा कितीही मार खा. पुढचं वर्ष तुझं. माझा शब्द आहे."

मॅबरीनं खरोखरच कितीही मार खाल्ला. दहा सामन्यांत सात वेळा.

रविवारी सकाळी हॉलिसला बायकोचा फोन आला. मार्जरी तीन आठवड्यांपासून टेक्सासमध्ये मुलीकडे होती.

"हॉलिस, टेसाला मुलगी झाली. पहाटे. दोघी छान आहेत. हेझल नाव ठेवलंय."

"वा, वा," हॉलिस म्हणाला. "काल सामना बघितलास?"

मार्जरीनं फोन ठेवला. पस्तीस वर्षं संसार केल्यावर बाई दुसरं काय करणार?

टेसाचं आणि बापाचं तसं बरंच होतं, म्हणजे भांडण नव्हतं, कारण भांडायला दोन माणसं एका जागी लागतात. पोरीच्या वाढदिवसाला सामना, पोरीच्या नाटकाला सराव, पोरीच्या पदवीदानाला कोचची मुलाखत. शेवटी पोरीनं मुद्दाम ऑक्टोबरमधल्या शनिवारी लग्न केलं. अलाबामात ऑक्टोबरच्या शनिवारी कुणी मरतसुद्धा नाही. हॉलिस लग्नाला आला, तिला हात धरून वेदीपर्यंत घेऊन गेला, आणि पाद्री प्रार्थना सांगत असताना हळूच म्हणाला, "हाणला!" त्याच्या डाव्या कानात रेडिओची तार होती.

पण आजी फोन आपटते म्हटल्यावर आजोबालाही काहीतरी वाटलंच. त्याच विचारात तो चर्चला गेला. पाद्रीबाबांनी संयम या विषयावर प्रवचन दिलं आणि शेवटी, संयमालाही मर्यादा असते, असं मॅबरीच्या बाकाकडे न बघता सांगितलं.

बाहेर पायरीवर बक स्टॅनफिलनं हॉलिसला गाठलं. बक म्हणजे अर्ध्या अलाबामाला कापलेली कोंबडी पुरवणारा माणूस, आणि कॉलेजच्या विश्वस्तांचा अध्यक्ष. स्टेडियमच्या एका अख्ख्या बाजूला त्याच्या बापाचं नाव होतं.

"हॉलिस, पोरा, इकडे ये. माझं विमान तयार आहे. वैमानिकाला सांगून ठेवलंय. जा आणि मला एक कोच घेऊन ये."

"मिस्टर बक, मला वाटतं मॅबरीला अजून एक वर्ष..."

"मॅबरीला मी कोंबड्यांना पाणी दाखवायलासुद्धा ठेवणार नाही! पैसे देऊन बोलावलेली माणसं आपल्याला बडवून गेली. माझी बहीण डेल्मॉन्टला राहते. काल तिनं मला ढोल भेट पाठवला, ढोल!"

"बरं. पण जाऊ कुठं?"

"ते मला सांगूच नकोस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, गावाला ठाऊक आहे. मला नाव कळलं नाही तर ते फुटणार नाही. उद्या अकराला विश्वस्तांची बैठक. तेवढ्यात परत ये म्हणजे झालं."

हॉलिसच्या डोक्यात तिथल्या तिथं दिवा पेटला. एका दगडात दोन पक्षी! बकच्या विमानातून टेक्सासला जायचं, नातीचं तोंड बघायचं, संध्याकाळी परत यायचं आणि सोमवारी सांगायचं, की हिंडलो, पण मॅबरीपेक्षा बरा कुणी मिळाला नाही. शब्दही राहील, नातही भेटेल, विमानाचं भाडंही पडणार नाही. हुशारी अशी उतू जायला लागली, की माणसाला ती कुणाला तरी दाखवावीशी वाटते. हॉलिस तडक गाड्यांच्या जागी गेला. तिथं मॅबरी आणि त्याची बायको जोलीन आपल्या गाडीच्या काचेवर कुणीतरी साबणानं लिहिलेलं "चालते व्हा" पुसत होते.

त्यानं दोघांना बेत सांगितला. मॅबरी आठवड्यात पहिल्यांदा हसला.

"बकच्या विमानातून नातीला बघायला? हॉलिस, त्याला कळलं तर तुला सोलून विकेल तो."

"कळतंय कशाला? तू निवांत राहा. मंगळवारी तू तुझ्या खुर्चीत असशील. शब्द दिलाय मी."

"तुमचं डोकं एवढं चालतं," जोलीन म्हणाली, "तर शनिवारी कुठं ठेवता हो ते?" पण तीही हसत होती. तिनं पिशवीतून एक पिवळी लोकरीची टोपी काढली, मूठभर. "मार्जरीला सांगितलं होतं मी, बाळाला टोपी विणतेय म्हणून. पोस्टानं पाठवणार होते. आता तुम्हीच घाला तिच्या डोक्यात. नोव्हेंबर आहे, टेक्सासचा वारा वाईट."

हॉलिसनं टोपी कोटाच्या खिशात घातली.

आता या हुशार माणसाला एक गोष्ट कशी आठवली नाही, देव जाणे. बकच्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर हॅडनमध्ये लहान पोरालाही पाठ होता. कोच हरायला लागला, की गाव तो नंबर फोनमध्ये घालून बसायचं. आभाळात कुठलं विमान कुठं चाललंय हे आता कुणालाही फोनवर दिसतं. नकाशावर एक इवलंसं विमान मुंगीसारखं सरकतं, आणि ते जिथं उतरेल तिथला कोच आपला. मागच्या दोन कोचांच्या नेमणुका गावाला त्यांच्या बायकांच्या आधी कळल्या होत्या. लोक बायबल वाचणार नाहीत एवढ्या भक्तीनं तो नकाशा वाचायचे.

विमान दुपारी साडेबाराला उडालं, आणि पर्लच्या खानावळीत ऑलिटा नावाची वाढणारी बाई किटलीतला गोड चहा कपाबाहेर ओतत ओरडली, "उडालं रे!" विमान मिसिसिपीवर होतं तेव्हा गावानं एक कोच ठरवला. लुइझियानावर आलं तेव्हा तो रद्द करून दुसरा ठरवला. मग ते टेक्सासच्या पश्चिमेला ब्रेझन नावाच्या गावी उतरलं. ब्रेझनमध्ये एक इस्पितळ, कापसाचे दोन कारखाने आणि हॉलिसची मुलगी, यापलीकडे काही नव्हतं. पण तिथून तासाभराच्या वाटेवर कॅप्रॉक कॉलेज होतं, आणि तिथं ड्रू हॅल्बर्ट हा छत्तीस वर्षांचा पोरगा यंदा दहाच्या दहा सामने जिंकून बसला होता.

"हॅल्बर्ट!" गाव एका सुरात ओरडलं. हॉलिसची मुलगी ब्रेझनला असते हे निदान पन्नास जणांना माहीत होतं. त्यातल्या एकालाही ते आठवलं नाही. फुटबॉलच्या मोसमात माणूस मुलीला भेटायला जाईल, हे हॅडनमध्ये कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

इस्पितळात हॉलिस पन्नास मिनिटं होता. चारला निघावं लागेल, असं वैमानिकानं बजावलं होतं. खोलीत पाऊल टाकताच फोन थरथरायला लागला. एक, दोन, बावीस निरोप. "शाब्बास हॉलिस!" "मानलं तुला!" "हॅल्बर्टला आमचा नमस्कार सांग!" ज्या माणसानं सहा महिन्यांपूर्वी त्याच्या टपालपेटीत मेलेला मासा टाकला होता, त्याचाही निरोप आला होता, खाली तीन फुलं.

"बाबा, घ्या ना तिला," टेसा म्हणाली.

हॉलिसनं नातीला डाव्या हातावर घेतलं. उजव्या हातात फोन होता.

"गोड आहे. वा. काय नाव ठेवलंत?"

टेसानं आईकडे पाहिलं. मार्जरी खिडकीबाहेर बघू लागली.

"हेझल," टेसा म्हणाली. "सकाळी सांगितलं ना आईनं."

"हो हो, हेझल. सुंदर." फोन पुन्हा थरथरला.

"द्या इकडे. पडेल," टेसा म्हणाली, आणि तिनं पोरगी परत घेतली.

परतताना मिसिसिपीच्या आसपास हॉलिसनं शेंगांची पुडी शोधायला खिशात हात घातला आणि हाताला लोकर लागली. अरेच्चा! त्यानं टोपी बघितली, पुन्हा खिशात ठेवली, आणि उद्या पोस्टात टाकू असं ठरवलं.

हॅडनच्या चिमुकल्या विमानतळावर अंधार पडला तरी तीनशे माणसं उभी होती. कुंपणाला बावटे बांधले होते. उसना जाऊन परत आलेला तो ढोलवाला जिवाच्या आकांतानं ढोल बडवत होता. हॉलिस विमानाच्या दारात दिसला आणि "हॅल्बर्ट! हॅल्बर्ट!" असा गजर उठला.

इथं खरं तर माणसानं हात वर करून सांगायचं, "बाबांनो, घरी जा, मी नातीला बघायला गेलो होतो." दहा सेकंदांचं काम. हॉलिसच्या जिभेवर ते आलंही होतं. पण चार वर्षांत त्या गावानं त्याच्यासाठी टाळी वाजवली नव्हती. शिव्या खाऊन खाऊन वाळलेला माणूस, त्याला टाळ्यांचा पाऊस म्हणजे काय! लोक त्याची पाठ थोपटत होते. बातमीदारानं विचारलं, "हॅल्बर्टला भेटलात?" तेव्हा हॉलिस म्हणाला, "माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही," आणि डोळा मारला. एका बाईनं आपलं तान्हं पोर फोटोसाठी त्याच्यापुढे धरलं. ते त्यानं अगदी दोन्ही हातांनी घेतलं.

घरी आल्यावर मॅबरीचा निरोप दिसला. "बाळ कसं आहे?" एवढाच. हॉलिसनं उत्तर उद्यावर ढकललं.

सोमवारी अकराला सात विश्वस्त जमले. पावासारखी गरम बिस्किटं आणि त्यांवर ओतायचा पांढरा रस्सा आला. हॉलिसच्या एका खिशात मॅबरीला ठेवावं असं लिहिलेला कागद होता, दुसऱ्या खिशात ती टोपी. पोस्टात जायला वेळ झाला नव्हता. बकनं तोंडातला घास संपवला.

"हॉलिस, मला नाव नको. कुणीही नाव विचारू नका याला! मी फक्त एवढंच विचारतो, मॅबरीला नारळ द्यायला आता हरकत नाही ना?"

सातही जण त्याच्याकडे बघत होते, आणि त्या सातही नजरांत कधी नव्हे ते कौतुक होतं. कुणीतरी त्याच्या ताटलीत आणखी एक बिस्किट वाढलं. हॉलिसला ओसरी आठवली, हात हातात घेतलेला आठवला. त्यानं स्वतःची समजूत घातली, की हॅल्बर्टला अजूनही फोन करता येईल. कुणी सांगावं, येईलही. मग खोटं ते खरंच होईल, आणि मॅबरीला तरी कुठं उपाशी मरायचंय, काढून टाकल्याची भरपाई मिळेलच.

"हरकत नाही," हॉलिस म्हणाला.

सात विरुद्ध शून्य. अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा नव्या कोचच्या स्वागताला कुठला वाद्यवृंद बोलवायचा यात गेली. शब्द हॉलिसनं स्वतःच्या हातानं दिला होता. नारळ मात्र सेक्रेटरीच्या हाती पाठवला.

दुपारी त्यानं दार लावून हॅल्बर्टच्या एजंटला फोन केला. एजंट मोठा गोड माणूस निघाला.

"मिस्टर ट्रॅमेल! तुमचेच आभार मानणार होतो मी. तुमचं विमान काल ब्रेझनला उतरलं आणि कॅप्रॉकची माणसं धावत आमच्या दारात आली. सहा महिने मी पगारवाढ मागत होतो, ढिम्म हलत नव्हते. उद्या सह्या. पगार दुप्पट, सात वर्षं. तुम्हाला फळांची टोपली पाठवतोय."

टोपली खरंच आली. वर अननस होता.

मंगळवारी दुपारी ही बातमी हॅडनला कळली, आणि जे गाव हॅल्बर्टच्या नावाच्या टोप्या छापून बसलं होतं ते एका दमात हॅल्बर्टला कृतघ्न ठरवून मोकळं झालं. न मागितलेली नोकरी न स्वीकारल्याबद्दल. संध्याकाळी बकचा फोन आला.

"हॉलिस, तो किती मागत होता?"

"मिस्टर बक, मी... त्याच्याशी बोललोच नाही."

"बोलला नाहीस? मग टेक्सासला काय कापूस वेचायला गेला होतास?"

"माझ्या मुलीला मुलगी झाली."

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"माझ्या विमानातून?" बक म्हणाला.

तेलही गेलं, तूपही गेलं. त्यात मॅबरीच्या हाताखालचे नऊही कोच किल्ल्या ठेवून घरी गेले होते. मॅबरी नाही तर आम्हीही नाही. शनिवारी डेल्मॉन्ट छाताडावर येऊन बसणार, आणि हॅडनच्या पोरांना शिट्टी वाजवायलाही कुणी नाही. मग बकनं काय करावं? ज्याला कोंबड्यांना पाणी दाखवायला ठेवणार नव्हता, त्याच्याचकडे हॉलिसला पाठवलं.

"जा, पाय धर त्याचे. सांग, कागदपत्रांत चूक झाली. अजून दोन वर्षं सांग, तीन सांग! आणि तो नाही म्हणाला ना हॉलिस, तर माझ्याकडे यायची तसदी घेऊ नकोस."

बुधवारी सकाळी हॉलिस मॅबरीच्या घरी गेला. अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. नको झालेल्या कोचच्या अंगणात "घर विकणे आहे" अशा पाट्या आणून रोवायच्या, हा तिकडचा जुना विनोद, आणि गावाला विनोद एकच येत असल्यानं तो दर वेळी नव्या उत्साहानं होतो. एकतीस पाट्या होत्या. गावात ज्यांना खरोखर घर विकायचं होतं त्यांच्या दारात एकही उरली नव्हती. जोलीन हातमोजे घालून त्या एकेक उपटत होती आणि कुंपणाशी नीट रचून ठेवत होती.

"आत आहे तो," ती म्हणाली आणि पुढची पाटी उपटू लागली.

मॅबरी स्वयंपाकघरात पेकन, म्हणजे तिकडचे अक्रोड, फोडत बसला होता. त्यानं खुर्ची पायानं पुढे सरकवली. हॉलिस बसला आणि बोलायला लागला. विश्वस्तांची घाई, बकचा स्वभाव, गावाचा दबाव, कागदपत्रांतली चूक. बोलता बोलता त्याला स्वतःचीच दया आली.

"म्हणजे मला परत बोलावताय," मॅबरी म्हणाला.

"आज दुपारपासून. दोन वर्षं पक्की, कर्टिस. तीन म्हणालास तर तीन. मी स्वतः बघतो. माझा शब्द."

मॅबरीनं एक पेकन फोडला, सोलला, वाडग्यात टाकला.

"पोरीला टोपी बसली का रे?"

"अं? हो," हॉलिस म्हणाला. "बसली की. अगदी मापाची. टेसानं आभार सांगितलेत."

मॅबरी मान हलवत राहिला. राग त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता, आणि हॉलिसला तेच बरं लक्षण वाटलं.

"मार्जरीचा फोन आला होता काल जोलीनला," मॅबरी म्हणाला. "टोपी पोस्टात हरवली का, म्हणून विचारत होती. पोरीचं डोकं उघडंच आहे म्हणाली."

हॉलिसचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला.

"रविवारी दुपारपासून मला ठाऊक होतं तू कुठं गेलास ते. सोमवारी पत्र आलं, तेव्हा बातमीदार याच दारात उभे होते. एक वाक्य बोललो असतो, तर तुझी त्याच दिवशी वरात निघाली असती. जोलीन म्हणालीही, बोल. मी म्हटलं, नको. सध्या डोकं फिरलंय त्याचं, येईल ठिकाणावर." त्यानं हात झटकले. "आत्ता तू नुसतं 'विसरलो' म्हणाला असतास ना हॉलिस, तर मी शनिवारी मैदानावर आलो असतो. दोन वर्षं नको, तीन नको. फुकट आलो असतो. पोरं माझी आहेत."

"कर्टिस, अरे, एवढ्याशा टोपीवरून..."

"एवढीशीच होती. म्हणून तर विचारलं."

हॉलिसनं खिशातून टोपी काढून टेबलावर ठेवली. तिला शेंगांची टरफलं चिकटली होती. जोलीन केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिनं हातमोजे काढले, टोपी उचलली, टरफलं झटकली.

"मी पाठवते पोस्टानं," ती म्हणाली. "पत्ता आहे माझ्याकडे."

हॉलिस उठला. अंगणातून जाताना जोलीन त्याच्या मागोमाग आली. कुंपणाजवळच्या ढिगातली एक पाटी तिनं उचलली, बऱ्यापैकी नवी बघून, आणि त्याच्या गाडीचं मागचं दार उघडून आत घातली.

"असू द्या," ती म्हणाली. "कुणाला तरी तुमच्या दारापर्यंत आणावीच लागणार. तेवढीच त्याची खेप वाचेल."

त्यानं पाटी बाहेर काढली नाही. घराशी वळला तेव्हा त्याच्या अंगणात चार पाट्या आधीच रोवलेल्या होत्या, आणि तो ढोलवाला पाचवीसाठी जागा बघत होता.